पुसली जाणारी ओळ

"मला वेड लागलंय की नाही, एवढंच सांगा. लागलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

दारातून आत येऊन धड बसायच्या आधीच म्हाताऱ्याने हे वाक्य टाकलं, आणि भाऊजींच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "वेड लागलेली माणसं सहसा असं विचारायला येत नाहीत."

वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवली होती. आता त्या घरी बसून लोकांची कोडी सोडवत. त्यांचा दीर त्यांना वहिनी म्हणे, म्हणून येणारेजाणारेही वहिनीच म्हणत. हा दीर म्हणजे भाऊजी, निवृत्त कारकून. तपासात त्यांची कामं दोनच: वही घेऊन सोबत हिंडणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही कामं ते अगदी मनापासून करत.

पाहुणे छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले मेकॅनिक होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. वहिनींनी चहा पुढे केला, तर त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि तरीही बशी वाजली.

"निवृत्त झाल्यावर कंपनीने एक काम दिलं," ते सांगू लागले. "नव्या मेकॅनिकांसाठी दुरुस्तीची पुस्तिका लिहायची. बारा प्रकरणं. नऊ झाली. प्रत्येक प्रकरणात मी एक ओळ घालतो. 'हात घालण्याआधी मेन स्विच बंद आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.'"

"प्रत्येक प्रकरणात तीच ओळ?" भाऊजींनी विचारलं.

"तीच! पुस्तिका पहिल्या पानापासून कोण वाचतो हो? पोरगं लिफ्ट अडकली की हवं ते पान उघडतं आणि हात घालतं. माझ्या वेळच्या पुस्तकात ही सूचना फक्त पहिल्या पानावर होती. मी बेचाळिसावं उघडलं होतं." त्यांनी ती दोन बोटं वर केली.

भाऊजींनी बिस्किटांची बशी बाजूला सारली.

"मग झालंय काय?" वहिनींनी विचारलं.

"ओळ राहत नाही. संध्याकाळी लिहितो, पाच वाजता कॉम्प्युटर बंद करतो. सकाळी उघडलं की ओळ नाही. बाकी सगळं जागच्या जागी. सातव्या प्रकरणात मी ती तीनदा लिहिली असेल. असेल म्हणतो, कारण आता माझाच माझ्यावर भरवसा नाही. तीन आठवडे हे चाललंय. कंपनीच्या साहेबांनी कळवलं, सूचना गाळल्यात, झेपत नसेल तर दुसऱ्या कुणाला देऊ."

"घरातलं कोणी पुसत असेल!" भाऊजी वही उघडत म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून सोमवारी ओळ लिहून कॉम्प्युटर बंद केला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपलो. मंगळवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं, आणि ओळ गायब." म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "म्हणजे मी लिहितच नाही ना, वहिनी? मला नुसतं वाटतं की लिहिलं. माझ्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. मला ओळखेनासे झाले होते."

त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. पुस्तिकेचं काम सोडत असल्याचं पत्र होतं.

"गुरुवारी पाठवणार. आज बुधवार."

"मग आत्ताच निघू," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालायला उठल्यासुद्धा.

लिफ्टवाले काका राहत चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर भाऊजींनी कठड्याला धरून श्वास घेतला. "यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वर चढवलं, आणि स्वतः..." पुढचं दम लागल्यामुळे राहिलं.

काकांची खोली लहान पण नीटनेटकी होती. टेबलावर कॉम्प्युटर, भिंतीला पान्यांची रांग, खिडकीत पुसून ठेवलेला जुना स्विच. कॉम्प्युटर सुरू झाला आणि पडद्यावर भलीमोठी अक्षरं उमटली.

"हा माझा एडिटर," काका जरा उमलून म्हणाले. "साधा लिहायचा प्रोग्राम आहे. नुसती अक्षरं, बाकी थाटमाट नाही. पण याला प्लगइन जोडता येतात. म्हणजे आपल्याला हवी ती सोय वरून बसवायची. पाच बसवलेत. माझ्या सुनेची कृपा. ती नसती तर मी अजून कागदावर खरडत बसलो असतो."

पडद्याच्या कडेला सुनेच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली होती. एक, अक्षरं मोठी करतो. दोन, लिहिलेलं वाचून दाखवतो. तीन, दर मिनिटाला आपोआप जपून ठेवतो. चार, शब्द सुचवतो. पाच, प्रकरणांची यादी बाजूला दाखवतो. खाली लाल शाईत लिहिलं होतं: मध्येच काही समोर आलं तर वाचत बसू नका, फुली मारा. कशालाही 'हो' म्हणू नका.

"ही सूचना कशाला?" वहिनींनी विचारलं.

"एकदा मी कुठल्याशा भलत्याच गोष्टीला 'हो' म्हणून बसलो होतो. दोन दिवस सगळं ठप्प! तेव्हापासून काही आलं की फुली. मध्ये एक चौकोन बरेच दिवस येत होता, रोज सकाळी. मी रोज फुली मारली. आता यायचा थांबला."

वहिनींनी दोनचार कळा दाबल्या. पडद्यावर इंग्रजी नावांची एक यादी आली. "भाऊजी, ही नावं किती आहेत मोजा बरं."

"सहा," भाऊजींनी बोट फिरवून सांगितलं. "नावं काय एकेक! एकाचं तर ब्रूम, म्हणजे झाडू!"

"लिहून ठेवा. काका, तुमची सगळी प्रकरणं एकाच फाइलीत आहेत?"

"एकाच. शोधायला बरं पडतं."

वहिनी वरपासून खालपर्यंत फाइल वाचत गेल्या. चांगला अर्धा तास लागला. भाऊजी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"पहिल्या प्रकरणात ओळ आहे," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही, चौथ्यात नाही. पाचव्यात आहे."

काका खुर्चीवर ताठ झाले. "दुसऱ्यात नाही? अहो, ती प्रकरणं तर मी कधीच संपवली! त्यांच्याकडे मी परत वळूनही बघितलं नाही!"

"पाचव्यातली ओळ वाचते. 'दाराच्या फटीत हात घालण्याआधी मेन स्विच बंद आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.'"

"हो, ते प्रकरण दारांचं आहे. तिथे दार म्हणणं भाग होतं."

"सहा ते नऊ, कुठेच नाही."

"आणि प्रकरणं एकमेकांना चिकटलीत बघा," भाऊजी मध्येच म्हणाले. "पहिलं संपल्यावर चांदण्यांची एक रेघ आहे. पुढे कुठे रेघच नाही. लिहिणाऱ्याने कंटाळा केलेला दिसतो."

"मी? कंटाळा?" काका दुखावले. "प्रत्येक प्रकरणाखाली मी रेघ मारतो!"

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं जाण्याचे प्रसंग फार नसल्यामुळे भाऊजींना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

दुपारी चित्रकार आला. पुस्तिकेतल्या आकृत्या काढणारा हा तिशीतला माणूस आठवड्यातून तीनदा काकांकडे येऊन शेजारच्या टेबलावर काम करी. वहिनींनी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं.

"ती ओळ तुम्हाला आवडत नाही म्हणे?"

"आवडत नाही कशी म्हणेन?" तो वैतागून म्हणाला. "पण पानावर माझ्या आकृतीला जागा नको? मी काकांना चार वेळा सांगितलं, एकदा लिहा, ठळक लिहा आणि सोडा. नाही म्हणाले. मग मी गप्प बसलो."

"कॉम्प्युटरला हात लावता?"

"काका खोलीत असताना कधीतरी. ते पाचला बंद करतात, मी साडेचारला निघतो."

"पहिली प्रकरणं तुम्ही छापून घेतली होती?"

"पहिली सहा. दोन महिन्यांपूर्वी. त्याशिवाय आकृतीची मापं कशी घेणार?" त्याने पिशवीतून कागदांची चळत काढली.

वहिनींनी पानं उलटली. सहाही प्रकरणांत ओळ होती. प्रत्येकाखाली चांदण्यांची रेघही होती. दुसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात 'तेल दोनच थेंब' अशी एक ओळ होती. वहिनी उठून कॉम्प्युटरवर बघून आल्या. तिथे ती फक्त दुसऱ्यात होती.

"हाच तो!" चित्रकार आत गेल्यावर भाऊजी कुजबुजले. "जागा हवी होती ना त्याला!"

"तेलाचे दोन थेंब काढून किती जागा मिळते, भाऊजी?"

भाऊजींनी वहीत त्याच्या नावापुढे केलेली खूण खोडली.

मुलगा पाच वाजता आला; वहिनींच्या सांगण्यावरून चित्रकारही आज थांबला होता. काकांनी फोन करून मुलगा आणि सून दोघांनाही लवकर बोलावलं होतं. मुलगा उंच, थकलेला आणि वडिलांच्या बाबतीत हळवा दिसत होता, आणि हळवेपणा लपवायला आवाज चढवून बोलत होता.

"हो, मला वाटतं बाबांनी आता थांबावं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सत्तर वर्षांचा माणूस ओळ गेली म्हणून रात्रभर येरझाऱ्या घालतो, हे मी बघत बसू?"

"त्यांनी काम सोडावं म्हणून तुम्ही त्यांची ओळ पुसाल?"

मुलाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "आजोबांचं काय झालं ते मी लहानपणी पाहिलंय. बाबांना तसं वाटायला लावणारा माणूस मला सापडला, तर मी त्याला जिन्यावरून खाली फेकीन."

त्याच्यामागोमाग सून आली. खांद्यावर ऑफिसची बॅग, हातात भाजीची पिशवी. सासऱ्यांच्या खोलीत दोन अनोळखी माणसं पाहून ती दारातच थबकली.

"एडिटर तुम्ही बसवून दिलात?" वहिनींनी विचारलं.

"हो. दीड वर्ष झालं. बाबांना लिहायला त्रास व्हायचा, म्हणजे डोळ्यांचा, तर म्हटलं सोपं करून द्यावं."

"प्लगइन किती बसवले?"

"पाच," ती म्हणाली आणि पटकन सासऱ्यांच्या हाताकडे बघून तिने नजर वळवली. "त्या चिठ्ठीवर आहेत तेच."

भाऊजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी वहीत नवी खूण केली, या वेळी दोनदा गिरवून.

"आता सगळे काकांच्या खोलीत या," वहिनी म्हणाल्या.

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. काका खुर्चीत, हात मांडीवर घट्ट धरून. त्यांची नजर निकाल ऐकायला आलेल्या माणसाची होती.

"काका, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकीचं नंतर," वहिनी म्हणाल्या. "तुमची आठवण ठणठणीत आहे. ती ओळ तुम्ही प्रत्येक वेळी लिहिलीत. पहिल्या सहा प्रकरणांत लिहिलीत, हे या चित्रकारांच्या कागदांवर छापलेलं आहे. आणि आज त्याच सहांपैकी चार प्रकरणांतून ती गेलेली आहे. न लिहिलेली ओळ कागदावर उमटत नाही."

काकांनी डोळे मिटले.

"मग पुसली कोणी? यांना आकृतीसाठी जागा हवी होती. पण ज्याला सूचना नको आहे, तो चांदण्यांची रेघ कशाला पुसेल? तेलाच्या थेंबांची ओळ कशाला पुसेल? चिरंजीवांना वाटतं, काम थांबावं. पण तसं असतं तर त्यांनी नवी प्रकरणं बिघडवली असती. जुनी, संपलेली, काका परत बघणारही नाहीत अशी प्रकरणं पुसून काय मिळणार? शिवाय सोमवारी खोलीला कुलूप होतं. माणूस आत आला नाही. म्हणजे पुसणारा आधीपासून आतच होता."

"कुठे?" भाऊजींनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"गेलं काय ते बघा. सूचना, चांदण्यांची रेघ, तेलाचे थेंब. तिन्हींत सारखं काय? प्रत्येक ओळ एकाहून जास्त वेळा आलेली होती. आणि राहिलं काय? प्रत्येकीची पहिली ओळ. पाचव्या प्रकरणातली सूचनाही राहिली, कारण तिच्यात दार आलं आणि ती बाकीच्यांसारखी हुबेहूब राहिली नाही. माणसाने पुसली असती तर ती आधी पुसली असती. त्याला अर्थ कळतो. हे करणाऱ्याला अर्थ कळत नाही. तो फक्त बघतो, ही ओळ आधी आली होती का? आली असेल तर काढ."

सुनेच्या हातातली भाजीची पिशवी खाली गेली.

"चिठ्ठीवर पाच प्लगइन आहेत. पडद्यावर सहा. सहाव्याचं नाव झाडू."

"अगं बाई!" सून म्हणाली. "पण तो असं करत नाही हो! तो फक्त लागोपाठ दोनदा आलेली ओळ काढतो, एकीखाली दुसरी असेल तरच! मी बघूनच बसवला होता. वर्षभर एक चूक नाही केली त्याने!"

"तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तो तसाच होता. मग त्याची नवी आवृत्ती आली आणि आपोआप बसली; यादीत त्याच्यापुढे तारीख आहे, काय बदललं तेही आहे. आता तो फाइल बंद होताना सगळी फाइल झाडतो. त्याने तसं सांगितलंही होतं. रोज सकाळी एक चौकोन येऊन सांगत होता. आणि काका रोज फुली मारत होते, कारण तुम्हीच लाल शाईने तसं लिहून ठेवलंय."

सुनेने कपाळाला हात लावला.

"खात्री करून घेऊ. काका, सातव्या प्रकरणात ओळ लिहा."

काकांनी लिहिली. पाच माणसांनी ती वाचली. वहिनींनी फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली.

ओळ नव्हती.

"गेली!" काका ओरडले. ओळ गेल्याचा एवढा आनंद जगात कुणाला झाला नसेल. "गेली, बघितलंत ना सगळ्यांनी? मी लिहिली होती ना? लिहिली होती!"

"लिहिली होती, बाबा," मुलगा म्हणाला, आणि त्याचा चढा आवाज कुठल्या कुठे गेला. त्याने वडिलांच्या खिशातून डोकावणारं ते पत्राचं पाकीट काढून स्वतःच्या खिशात घातलं. "हे कुठेही जाणार नाही."

"पण एक कळलं नाही," भाऊजी म्हणाले. "हा झाडू चिठ्ठीवर का नव्हता?"

"ते सांगणं माझं काम नाही," वहिनी सुनेकडे बघत म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही."

सून सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली.

"बाबा, तुमचा हात थरथरतो. कॉपी केलेली ओळ चिकटवताना बोट दोनदा पडायचं आणि एकेक ओळ दोनदोनदा यायची. तुम्ही ती खोडत बसायचात, आणि खोडताना हात आणखीच थरथरायचा. मी एकदा दारातून बघितलं. तुम्ही त्या हातावर रागावला होतात, त्याला मारलंत. मग मी झाडू बसवला. तुम्हाला सांगितलं असतं, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमची ओळ गेली म्हणालात, तेव्हा हे त्याचं काम असेल असं मनातसुद्धा आलं नाही माझ्या. तीन आठवडे तुम्ही काय भोगलंत, ते माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे?" काका म्हणाले. "अगं, वर्षभर मला वाटत होतं, माझा हात सुधारला. दोनदा ओळ येत नाही म्हणून मी मनात खूश होतो. तो सगळा वेळ तू मला धरून होतीस होय?"

सून रडता रडता हसली. मग उठून तिने झाडूची मांडणी उघडली, 'फक्त लागोपाठच्या ओळी' यावर खूण केली, आणि चिठ्ठीवर सहावी ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. चित्रकाराने कागदांची चळत पुढे केली. "काका, यावरून सगळ्या ओळी परत घालू. मी वाचतो, तुम्ही लिहा. आकृत्या मी लहान करीन. करायलाच हव्यात."

"तुझे उपकार कसे फेडू रे? हे कागद तू जपले नसतेस तर?"

"वहिनींचे माना. मी नुसती पिशवी जड करत होतो."

काका वहिनींकडे वळले. हात जोडले, तर ते थरथरले. या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत. "तीन आठवडे मी माझ्याच घरात स्वतःला निरोप देत फिरत होतो. तुम्ही मला परत आणलंत. याला काय म्हणायचं ते मला येत नाही, पण जन्मभर विसरणार नाही. आणि विसरणार नाही, हे आता मी छातीठोक सांगू शकतो!"

भाऊजींनी नाक शिंकरलं आणि वहीतली शेवटची खूण गुपचूप खोडली.

निघताना दारापाशी वहिनी आणि भाऊजींना काकांचा आवाज ऐकू आला, म्हणून दोघं थांबले. काका सुनेशी बोलत होते.

"घरात आपण एकमेकांचे आभार मानत नाही. पण मी आज मानतो. आणि आणखी एक मागतो. हात दाखवायला डॉक्टरांकडे जायचं मी वर्षभर टाळतोय. ते हाताबरोबर डोक्याचंही काही सांगतील, अशी भीती होती. आता जायचंय, पण एकट्याने नको वाटतं. उद्या येशील माझ्याबरोबर?"

"येते ना, बाबा," ती म्हणाली, आणि तिथेच उभ्या उभ्या तिने रजेसाठी ऑफिसला फोन लावला.